झिंग्यांचे पाणी

झिंगा कोणाला माहीत नाही? तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या आपल्या खानदेशातल्या नद्या. पावसाळा संपला, पाणी ओसरले, की डोहात जाळे पडते. जाळ्यात मासे येतात. त्यांच्याबरोबर मूठभर झिंगेही येतात. कोकणात त्यांना कोळंबी म्हणतात. आपण झिंगाच म्हणतो.

पण आजचा धडा खाण्याच्या झिंग्याचा नाही. तो घरात पाळायच्या झिंग्याचा आहे. हसू नका! कोणी पोपट पाळतो, कोणी कबुतरे पाळतो. शहरातल्या पुष्कळ घरांत काचेच्या टाकीत रंगीत मासे असतात. तसेच आता बारीक रंगीत झिंगेही मिळतात. लांबी जेमतेम एक इंच. रंग लाल, कुंकवासारखा. हे मूळचे तैवान आणि चीनच्या ओढ्यांतले. तिथे ओढ्यात ते मातकट रंगाचेच असतात. शेतकरी जसे चांगले कणीस बियाण्याला निवडून ठेवतो, तसे पाळणाऱ्यांनी जरा तांबूस दिसणारे झिंगे पिढ्यान्‌पिढ्या निवडले. त्यातून हा लाल झिंगा तयार झाला.

मी जन्मभर शाळेत शिकवले. शेवटी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. मला वाटायचे, प्राण्यांविषयी आपल्याला बरेच कळते. हे माझे वाटणे बारा झिंग्यांनी एका रात्रीत उतरवले. ते कसे, तेच आधी सांगतो.

आम्ही धुळ्याला राहतो. मुलगी जळगावला दिली आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत नातू जळगावहून एस. टी. ने आला. एरंडोल, पारोळा करत तीन तासांचा प्रवास. त्याच्या मांडीवर एक डबा होता. डब्यात ओले फडके, फडक्यात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत बारा लाल झिंगे. पोराने वाटभर डबा खाली ठेवला नाही.

घरात जुनी काचेची टाकी होती. ती मी धुऊन पुसून ठेवली होती. आता पाणी कोणते घालायचे? मी म्हटले, नळाचे पाणी नको, त्याला औषधाचा वास येतो. आमच्या स्वयंपाकघरात तांब्याचा हंडा आहे. रोज रात्री भरून ठेवतो, सकाळी तेच पाणी पितो. आरोग्याला चांगले म्हणून वडिलांपासूनची रीत. मी म्हटले, "बाळ, झिंग्यांना आपण आपलंच शुद्ध पाणी देऊ." हंडा टाकीत रिकामा केला. पिशवी फोडली आणि झिंगे सोडले.

सकाळी नऊ झिंगे तळाशी आडवे पडले होते. राहिलेले तीन आठ दिवसांत गेले. नातू रडला नाही. नुसता टाकीपुढे बसून राहिला. त्याचे ते बसणे मला अजून दिसते.

आमच्या गल्लीत एक वृद्ध भोई राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सगळे आयुष्य तापीच्या काठी जाळे टाकण्यात गेले. मी त्यांना बोलावून टाकी दाखवली. त्यांनी वाकून पाहिले. पाण्यात बोट घातले, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, आधी पानी मरस, मंग झिंगा मरस."

म्हणजे आधी पाणी मरते, मग झिंगा मरतो. मला वाटले, म्हातारा कोड्यात बोलतो. पण मग मी वाचायला लागलो, दोन-चार पाळणाऱ्यांना विचारायला लागलो. तेव्हा कळले, की आबांनी सगळा विषय एका वाक्यात सांगितला होता. झिंगा पाळायचा म्हणजे पाणी पाळायचे. पाणी निरोगी असले, तर झिंग्याला औषधपाणी काही लागत नाही. पाणी बिघडले, तर कोणत्याही औषधाने तो वाचत नाही.

आता हंड्याकडे वळू. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर राहिले, की तांब्याचा अगदी थोडा अंश पाण्यात उतरतो. तो दिसत नाही, चवीलाही फारसा कळत नाही. त्या अंशाने पाण्यातले काही रोगजंतू मरतात. माणसाला एवढ्याने काही होत नाही. आपले शरीर मोठे आहे. शिवाय आपण पाणी पितो, पाण्यात श्वास घेत नाही. झिंगा पाण्यातच श्वास घेतो. त्याचे कल्ले नाजूक असतात. तांबे थेट त्या कल्ल्यांवर बसते. मोरचूद तुम्हाला ठाऊक आहे. मोरचूद आणि चुना कालवून पिकावर, फळबागेवर मारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. बुरशी त्याने मरते. झिंगा तर बुरशीपेक्षा नाजूक.

यात एक गंमतही आहे. आपल्या रक्तात लोह असते, म्हणून ते लाल. झिंग्याच्या रक्तात लोहाच्या जागी तांबे असते. त्यामुळे त्याच्या रक्तावर किंचित निळसर झाक असते. म्हणजे ज्या तांब्यावर तो जगतो, तेच पाण्यात जास्त झाले की त्याला मारते. मिठाचे आपले तसेच आहे. भाजीत हवे, पण तोंडाने मूठभर खाऊन पाहा!

तेव्हा तांब्या-पितळेचे भांडे झिंग्याच्या पाण्याला लावायचे नाही. पितळेतही तांबे असतेच. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची घ्यावी, आणि ती साबणाच्या कामाला वापरू नये. माशांच्या रोगावर दुकानात औषधे मिळतात, त्यांतल्या काहींत तांबे असते. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. वाचायला शिकल्याचा असाही एक उपयोग!

मग नळाचे पाणी घालायचे का? घालायचे, पण लगेच नाही. धुळ्याला तापीचे आणि नकाणे तलावाचे पाणी येते. जळगावला वाघूर धरणाचे येते. ते गाळून, त्यात क्लोरीन घालून आपल्यापर्यंत पोचते. क्लोरीन जंतू मारण्यासाठी असते. आपल्याला ते हवेच. खेड्यात आडात ब्लीचिंग पावडर टाकतात, तेही हेच काम करते. पण कल्ल्यांना क्लोरीन भाजून काढते. उपाय सोपा आहे. पाणी उघड्या, पसरट भांड्यात एक दिवस ठेवावे. मधून मधून ढवळावे. क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर फोटोवाले पूर्वी वापरायचे तो हायपो क्लोरीन मोडतो. त्याचे थेंब माशांच्या दुकानात तयार मिळतात. बाटलीवर लिहिले असेल तेवढेच घालावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हीच लोक चुकतात. मीही चुकलो असतो, पण हंड्याने मला तिथपर्यंत पोचूच दिले नाही.

शेतकऱ्याला विचारा, ताजे शेण पिकाच्या मुळाशी टाकतोस का? तो म्हणेल, "पीक जळून जाईल!" शेण आधी उकिरड्यात कुजले पाहिजे. कुजले की त्याचे खत होते. हे कुजवण्याचे काम जिवाणू करतात. टाकीतही हेच घडते. झिंगा खातो, विष्ठा करतो. उरलेले अन्न, सडलेले पान तळाला बसते. त्यातून अमोनिया तयार होतो. युरियाच्या पोत्याजवळ किंवा गोठ्यात नाकाला झोंबतो, तोच अमोनिया. तो कल्ल्यांना विष आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्रेट बरेच सौम्य. ते पाण्यातली झाडे खतासारखे खातात. हे जिवाणू आपल्या शेताच्या मातीतही असतात आणि तिथेही हेच काम करतात. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास त्यांचा शोध लावला.

पण नव्या, धुतलेल्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत झिंगा सोडला, तर तो ताज्या शेणात रोप लावल्यासारखा होतो. पाणी दिसते स्वच्छ, काचेसारखे. पण ते कच्चे पाणी असते. आंबट वरण करायला चिंच भिजावी लागते, तसे पाणी मुरावे लागते.

ते कसे मुरवायचे? टाकीत धुतलेली वाळू किंवा बारीक खडी पसरावी. पाणवनस्पती लावाव्यात. हवेचा छोटा पंप आणि स्पंजाची गाळणी लावावी. स्पंजाच्या छिद्रांत जिवाणू घर करतात. मग रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकावे, जणू टाकीत कोणी राहतच आहे. ते सडते, अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. जुनी, चांगली चाललेली टाकी कोणाकडे असेल, तर त्यांच्या स्पंजाचा तुकडा मागून आणावा. विरजण लावल्यासारखे होते. अमोनिया आणि नायट्राइट मोजायच्या थेंबांच्या बाटल्या मिळतात. दोन्ही शून्य दाखवू लागले, की पाणी पिकले असे समजावे.

सहा आठवडे रिकामी टाकी पाहत बसणे कठीण असते. येणारा जाणारा विचारतो, "गुरुजी, यात आहे काय?" मी सांगायचो, "पाणी." लोक माझ्या तोंडाकडे पाहायचे.

टाकी केवढी असावी? फार लहान नको. लहान भांड्यातले पाणी लवकर तापते, लवकर बिघडते. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. हिशेब करा. २ गुणिले १ गुणिले १, म्हणजे २ घनफूट. १ घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे ५६ लिटर. वर चार बोटे जागा सोडली, तर त्रेचाळीसेक लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. त्यात काच आणि वाळू धरा. वजन साठ किलोच्या घरात जाते. तेव्हा टाकी डगमगत्या मेजावर ठेवू नये. एवढ्या टाकीला सुरुवातीस पंधरा झिंगे पुरेत.

पुढे संक्रांतीला नातू पुन्हा पंधरा झिंगे घेऊन आला. या वेळी मी पिशवी फोडली नाही. ती अर्धा तास तशीच टाकीत तरंगू दिली. आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार झाले. मग झिंगे पाण्यासकट एका भांड्यात ओतले. सलाईनची कोरी नळी आणली होती. तिने टाकीचे पाणी थेंब थेंब त्या भांड्यात सोडले. दीड तास लागला. नातू थेंब मोजत बसला. मग झिंगे जाळीने उचलून टाकीत ठेवले. ते हळूच पानावर चढले आणि लगेच चरायला लागले. हो, चरायलाच! झिंगा शेळीसारखा दिवसभर चरतो. पुढच्या दोन जोड्या पायांना बारीक चिमटे असतात. त्यांनी तो दगडावरचा, पानावरचा बुळबुळीत थर खरवडतो आणि तोंडात घालतो. तो थर म्हणजे शेवाळ आणि जिवाणू. तेच त्याचे मुख्य अन्न. म्हणून टाकी घासून घासून लख्ख करू नये. समोरची काच पुसावी, बाकी राहू द्यावे. आमच्या घरातल्या मंडळींना हे अजून पटलेले नाही.

वरून खाणे फार थोडे लागते. पालकाचे पान उकळत्या पाण्यातून काढून रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा द्यावा. शेवग्याचा पाला चालतो. एक दिवसाआड दिले तरी पुरते. दोन-तीन तासांनी जे उरले असेल ते काढून टाकावे. देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन टाकले, तर महिनाभर त्यावर चरतात. केळीचे वाळलेले पानही काही लोक टाकतात. आपल्या रावेर-यावलकडे केळीच्या पानांना काय तोटा! पण ज्या बागेत फवारणी झाली आहे, तिथले पान घेऊ नये.

फवारणीचे जरा नीट समजून घ्या. कपाशीवर बोंडअळी पडली की आपण औषध मारतो. ते औषध किडीच्या नसांवर काम करते. झिंगा आणि कीड दिसायला वेगळे, पण दोघे एकाच मोठ्या कुळातले. दोघांच्याही अंगात हाड नाही, वरून कवच असते, आणि पायांना सांधे असतात. खेकडा, विंचू, कोळी, फुलपाखरू, अळी ही सगळी त्याच कुळातली. म्हणून अळीला मारणारे औषध झिंग्यालाही मारते, आणि फार थोडे पुरते. शेतातून फवारणी करून आलात, तर तो हात टाकीत घालू नका. घरात डासांची उदबत्ती लावतात, विजेच्या यंत्रात औषधाची बाटली लावतात, झुरळांवर फवारा मारतात. या सर्वांत त्याच तऱ्हेची औषधे असतात. टाकी असलेल्या खोलीत ती लावू नयेत. मच्छरदाणी वापरावी. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे ध्यानात ठेवा.

डासांवरून एक आठवले. उघड्या, साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. काचेची टाकी हेही साचलेले पाणीच आहे. झिंगे डासांच्या अळ्या खाऊन संपवतील, या भरवशावर राहू नये. हिवतापवाले हौदात गप्पी मासे सोडतात, ते अळ्या खातात हे खरे. पण गप्पी मासा झिंग्यांची पिल्लेही खातो. त्यापेक्षा टाकीवर बारीक जाळी टाकावी. डास आत जात नाही, झिंगा बाहेर येत नाही.

नदीतून पाणवनस्पती आणणार असाल, तर ती स्वच्छ पाण्यात चार-सहा दिवस वेगळी ठेवावी आणि रोज झाडून पाहावी. तिच्याबरोबर चतुराची पिल्ले येतात. चतुर म्हणजे तो पाण्यावर भिरभिरणारा, चार पंखांचा किडा. त्याचे पिल्लू पाण्यात वाढते. दिसायला मरतुकडे, पण झिंगे पकडून खाते.

आता उन्हाळा. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसला जातो. या झिंग्याला वीस ते सव्वीस अंशांचे पाणी मानवते. तीसच्या वर तो कष्टी होतो. कारण दोन आहेत. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. आणि तापलेल्या पाण्यात झिंग्याला तर प्राणवायू जास्त लागतो. उत्पन्न घटावे आणि खर्च वाढावा, तशी त्याची गत होते. शिवाय ऊन पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो.

आम्ही काय केले? टाकी गच्चीच्या खोलीतून काढली. तळमजल्यावर, उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीलगत ठेवली. तरी दुपारी पाणी तेहतीसवर गेले. मग छोटा पंखा असा लावला, की वारा पाण्याच्या पृष्ठावरून जावा. पाणी तीन-चार अंशांनी उतरले. यात जादू नाही. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच इथे होते. पाण्याची वाफ होते, जाताना ती उष्णता घेऊन जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, म्हणून हा उपाय चांगला चालतो. पावसाळ्यात दमट हवेत तेवढा चालत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. बर्फाचे खडे टाकीत टाकू नयेत. पाणी एकदम गार होणे हेही झिंग्याला सोसत नाही.

वीज गेली तर? ती जातेच. पंखा बंद, पंप बंद. तेव्हा वाटीने पाणी वर उचलून उंचावरून पुन्हा सोडावे. पाच-पाच मिनिटे, दर अर्ध्या तासाने. हवा पाण्यात मिसळते. मे महिन्यात एका रात्री मी आणि नातू आळीपाळीने हे करत पहाटेपर्यंत जागलो. दोन झिंगे गेले, तेरा राहिले.

पंख्याने पाणी उडते, तेव्हा आणखी एक भानगड होते. आमच्या टाकीतले रोज पाऊण लिटर पाणी उडायचे. वाफ होऊन पाणी जाते, पण त्यातले क्षार मागेच राहतात. आपल्याकडच्या बोअरचे पाणी तर जडच. किटलीत पांढरा थर बसतो तो याचाच. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज तेच जड पाणी भरले, तर टाकीचे हळूहळू मिठागर होते. म्हणून उडाले तेवढी भर घालताना पावसाचे साठवलेले किंवा आर. ओ. यंत्राचे मऊ पाणी घालावे. पण सगळी टाकीच मऊ पाण्याने भरू नये. झिंग्याला कवचासाठी पाण्यातला चुना लागतो. आठवड्यातून एकदा पाच-सहा लिटर जुने पाणी काढावे आणि तेवढेच एक दिवस ठेवलेले नळाचे पाणी हळूहळू घालावे. एकदम अर्धी टाकी बदलू नये. तसे केले तर झिंगा वेळेआधी कवच टाकतो आणि त्यात मरतो.

कवच टाकणे म्हणजे काय? साप कात टाकतो तसेच. झिंग्याचे अंग वाढते, पण कवच वाढत नाही. मुलाला सदरा तोकडा होतो, तसे ते तोकडे होते. मग मान आणि पाठ यांच्यामध्ये कवच फाटते आणि झिंगा एका झटक्यात बाहेर पडतो. तेव्हा त्याचे अंग मऊ असते. नवे कवच घट्ट होईपर्यंत तो पानाआड, दगडाच्या कपारीत लपतो. म्हणून टाकीत लपायला जागा हवी. फुटक्या माठाची खापरी उपडी ठेवली, की झाले घर.

पहिल्यांदा असे टाकलेले कवच पाहून नातू ओरडत आला, "आजोबा, अजून एक मेला!" मी गेलो. पाहतो तर पाय, मिशा, डोळ्यांची जागा, सगळे जसेच्या तसे, पण आतून पोकळ आणि आरपार दिसणारे. मेलेला झिंगा असा नसतो. तो शिजल्यासारखा गुलाबी, अपारदर्शक दिसतो. त्याला लगेच काढावे, नाहीतर पाणी सडते. टाकलेले कवच मात्र काढू नये. झिंगे ते खातात. त्यातला चुना पुन्हा त्यांच्या कामी येतो.

झिंग्याची तब्येत कशी ओळखावी? तो चरत असेल, मिशा हलवत असेल, तर सारे ठीक आहे. सगळेच्या सगळे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन बसले, तर प्राणवायू कमी पडला. सगळे एकदम सैरावैरा पळू लागले, तर पाण्यात काही भलते गेले. तेव्हा आधी हात, बादली, फवारा, उदबत्ती यांचा तपास करावा. आबा म्हणतात तसे, पाणी काय झाले ते पाहावे.

कोणी म्हणेल, आपल्या तापीचे झिंगे का पाळू नयेत? बारीक जातीचे पाळता येतील. पण मोठ्या जातीचे नर लांब नांग्यांनी भांडतात आणि लहानांना खातात. शिवाय काही जातींची पिल्ले गोड्या पाण्यात जगतच नाहीत. जंबो झिंगा नदीत राहतो, पण त्याच्या पिल्लांना सुरुवातीला खाडीचे मचूळ पाणी लागते. हे कोडे १९६० नंतर लगेचच मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने सोडवले. तेव्हापासून त्या झिंग्याची शेती होऊ लागली. आपला छोटा लाल झिंगा सगळा जन्म गोड्या पाण्यात काढतो. हे त्याचे सोयीचे.

पण हा परका झिंगा आहे, हे विसरू नये. टाकीचा कंटाळा आला म्हणून तो पांझरेत किंवा तलावात सोडू नये. १९५२ साली आफ्रिकेतला चिलापी मासा आपल्या देशात आणला. आज तो धरणाधरणांत पसरला आहे, आणि आबांसारखे लोक म्हणतात की जुने मासे जाळ्यात कमी येतात. झिंगे नको झाले तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत. टाकीचे काढलेले पाणीही नदी-नाल्यात ओतू नये, कुंडीतल्या झाडाला घालावे. आमची तुळस त्यावर चांगली माजली आहे.

श्रावणात एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसला. वीस-पंचवीस अंडी असावीत. मादी ती पोटाखालच्या पायांत धरते आणि सारखी हलवत राहते, म्हणजे त्यांना ताजे पाणी मिळते. तीन-चार आठवडे ती असेच सांभाळते. मग पिल्ले निघतात. अळी नाही, कोष नाही. एकदम आईसारखेच, पण तिळाएवढे. रंगही नसतो, त्यामुळे दिसता दिसत नाहीत. मोटारीची गाळणी असेल, तर तिच्या तोंडाला स्पंज किंवा जुन्या धोतराचे फडके बांधावे, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. आमची स्पंजाचीच असल्यामुळे ती भीती नव्हती.

नातवाने जळगावहून फोन करून विचारले, "आजोबा, पिल्ले किती?" मी भिंग घेऊन बसलो. अकरा मोजली, तेवढ्यात सगळी बदामाच्या पानाखाली गेली. पुन्हा मोजली तर चौदा भरली. आबांनाही बोलावले. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी पाण्यात बोट घातले, वास घेतला आणि नुसती मान हलवली. मी नातवाला चौदा सांगितली.